४३ चा स्पीड, ३ पॉइंट आणि पाच रिन्यूअल: एका एसपी३० ची अख्खी केस

ही केस माझ्या मावसभावाची आहे. स्पीड लिमिट ओलांडली म्हणून त्याच्या लायसन्सवर दंडाचे ३ पॉइंट आणि एसपी३० हा गुन्ह्याचा कोड लागला, आणि त्याचा गाडीच्या इन्शुरन्सवर काय परिणाम झाला त्याची ही गोष्ट. आम्ही दोघंही इंग्लंडमध्येच राहतो, तो रेडिंगच्या बाजूला आणि मी तिथून ट्रेनने अर्ध्या तासावर. मी त्याला दादा म्हणते, इथेही तेच म्हणेन. लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाला, लिही, निदान दुसऱ्या कुणाचे तरी पैसे वाचतील. मी अकाउंट्समध्ये काम करते, इन्शुरन्समध्ये नाही, पण त्याची सगळी पत्रं, पॉलिसीचे कागद, ईमेल हे सगळं मी स्वतः बसून तारखेवार लावलंय, त्यामुळे कुठल्या दिवशी काय झालं हे मला त्याच्यापेक्षा जास्त पाठ आहे.

आपल्या लोकांत कुणाला स्पीडिंगचं पत्र आलं की पहिला प्रश्न ठरलेला, दंड किती? १०० पौंड. मग भर आणि विषय संपव. दादानेही अगदी हेच केलं. पण दंड भरून संपतो तो पोलिसांकडचा विषय. इन्शुरन्सकडचा विषय त्याच दिवशी सुरू होतो आणि पाच वर्षं चालतो, आणि दादाचं खरं नुकसान पॉइंटमुळे झालं नाही, ते पॉइंट सांगायचे राहिले म्हणून झालं, मला ही केस लिहाविशी वाटली ती एवढ्यासाठीच.

१२ जून २०२१, शनिवार. दादा, वहिनी आणि मागे मुलगी, कुणाच्या तरी घरी जेवायला निघालेले. ड्युअल कॅरेजवे, दोन्हीकडे दोन-दोन लेन, घरं लांब, रस्ता मोकळा, ताशी ४० माइलचा बोर्ड जातो आणि एका झाडीच्या वळणानंतर ३० चा बोर्ड येतो. त्याच्यापुढे थोड्या अंतरावर कॅमेरा व्हॅन उभी होती. दादाला फ्लॅशही दिसला नाही आणि व्हॅनही. कॅमेऱ्यात नोंद ४३. गाडीतला काटा नियमानेच खऱ्या स्पीडपेक्षा कमी दाखवू शकत नाही, दाखवला तर थोडा जास्तच दाखवतो, म्हणजे काटा तेव्हा ४५ च्या आसपास असणार, आणि त्याला वाटत होतं आपण ४० च्या रस्त्यावर आहोत, म्हणजे तसंही जास्तच झालं.

२२ जूनला पत्र आलं. नोटीस ऑफ इंटेंडेड प्रॉसिक्युशन, म्हणजे खटला भरायचा विचार आहे असं कळवणारी नोटीस. गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला हे पत्र गुन्ह्यापासून १४ दिवसांच्या आत पोचायला हवं असा नियम आहे, ते दहाव्या दिवशी पोचलं, त्यामुळे तिथे काही बोलायला जागा नव्हती. सोबत फॉर्म, गाडी कोण चालवत होतं ते २८ दिवसांत लिहून पाठवा. इथे थोडं थांबते, कारण ओळखीतल्या एकाचं याच फॉर्मवर फार वाईट झालंय. त्याने घर बदललं, गाडीच्या लॉगबुकवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, जुनाच पत्ता राहिला, पत्र जुन्या घरी पडून राहिलं, आणि फॉर्मचं उत्तर न दिल्याचा वेगळा गुन्हा लागला, कोड एमएस९०, त्याला ६ पॉइंट. स्पीडिंगला ३ आणि पत्राला उत्तर न देण्याला ६. इन्शुरन्सवाले तर एमएस९० कडे स्पीडिंगपेक्षा कितीतरी वाईट नजरेने बघतात, कारण त्यांना ते काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. घर बदललं की लॉगबुक आणि लायसन्स दोन्हीवरचा पत्ता त्याच आठवड्यात बदला, कळकळीने सांगते.

दादाने फॉर्म लगेच भरला. त्याची आशा होती कोर्सची. स्पीड अवेअरनेस कोर्स मिळाला की कोर्सची फी भरायची, काही तास बसायचं, पॉइंट नाही, कन्व्हिक्शन, म्हणजे दोषी ठरल्याची नोंद, नाही. पण पोलिसांचे जे देशभरचे मार्गदर्शक आकडे आहेत त्यात ३० च्या रस्त्यावर ३५ पासून ४२ पर्यंत कोर्स मिळू शकतो, तोही गेल्या ३ वर्षांत केलेला नसेल तर. ४३ ला नाही. एका माइलने हुकलं. फिक्स्ड पेनल्टीची, म्हणजे कोर्टात न जाता ठरलेला दंड भरायची, ऑफर आली, १०० पौंड आणि ३ पॉइंट.

त्याचा एक मित्र म्हणाला, कोर्टात जा, बोर्ड झाडीत लपला होता म्हण. मी नको म्हटलं. बोर्डचे फोटो आम्ही जाऊन काढले होते आणि बोर्ड स्वच्छ दिसत होता, मग काय सांगणार कोर्टात? आणि ३० च्या रस्त्यावर ४१ ते ५० मध्ये सापडलं आणि केस कोर्टात हरली तर मॅजिस्ट्रेटांचा जो ठरलेला तक्ता आहे त्यात ४ ते ६ पॉइंट किंवा थोड्या दिवसांची बंदी, आणि दंड साधारण आठवड्याच्या पगाराएवढा, वर कोर्टाचा खर्च. खरोखर चूक नसेल तर लढावं, नक्की लढावं, पण इथे चूक होती. ऑगस्टमध्ये त्याने १०० पौंड भरले, लायसन्सवर एसपी३० लागला. सार्वजनिक रस्त्यावर ठरलेली स्पीड लिमिट ओलांडणं, असा त्या कोडचा अर्थ. मोटरवेवरचा असेल तर एसपी५०.

आणि इथे दादाच्या डोक्यात विषय बंद झाला.

आता इन्शुरन्स. त्याची पॉलिसी दरवर्षी ३ नोव्हेंबरला रिन्यू होते, चार वर्षं एकाच कंपनीकडे, ऑटो-रिन्यू. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिन्यूअलचं पाकीट आलं. मी नंतर ते पाकीट बघितलं, उघडलेलं होतं, पहिलं पान बाहेर काढून परत आत सरकवलेलं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आकडा, ६१२ पौंड, आणि खाली, तुम्हाला काही करायची गरज नाही. तिसऱ्या पानावर छोट्या तक्त्यात त्याची माहिती, नाव, पत्ता, व्यवसाय, वर्षाला किती माइल, नेम्ड ड्रायव्हर, म्हणजे त्याच पॉलिसीवर गाडी चालवू शकणारी दुसरी व्यक्ती, म्हणून वहिनी, आणि एक ओळ, गेल्या ५ वर्षांतली मोटरिंग कन्व्हिक्शन: नाही. तक्त्याच्या वर जाड अक्षरात एक वाक्य, ही माहिती तपासा आणि काही बदललं असेल तर आम्हाला कळवा, न कळवल्यास क्लेमवर परिणाम होऊ शकतो. दादाने तिसरं पान बघितलंच नाही. मला विचाराल तर दहातले आठ लोक बघत नसतील, हा माझा अंदाज आहे, पण मी स्वतःही तेव्हा बघत नव्हते हे खरं आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये पावसात राउंडअबाउटवर दादाने समोरच्या गाडीला मागून ठोकलं. समोरची बाई निघालीय असं वाटलं, ती थांबली, हा थांबू शकला नाही. कुणाला लागलं नाही हे आधी सांगते. समोरच्या गाडीची डिकी आणि बंपर गेलं, दादाच्या गाडीचं पुढचं सगळं आत गेलं, एअरबॅग उघडल्या, आणि आठ वर्षांची गाडी म्हणून कंपनीने राइट-ऑफ केली, म्हणजे दुरुस्त न करता तिची किंमत द्यायचं ठरवलं. गाडीची किंमत ठरली ६,८०० पौंड, आणि ती किंमत व्यवस्थित होती, त्याबद्दल तक्रार नाही.

क्लेमवाल्यांनी लायसन्सचा चेक कोड मागितला. पूर्वी प्लास्टिकच्या लायसन्सबरोबर एक कागद असायचा त्यावर पॉइंट छापलेले असायचे, तो कागद जून २०१५ पासून बंद झाला, आता डीव्हीएलए, म्हणजे लायसन्स देणारं सरकारी खातं, त्यांच्या साइटवरून कोड काढून द्यायचा, तो २१ दिवस चालतो. दादाने निरागसपणे कोड दिला. आठ दिवसांनी फोन, मिस्टर अमुक, तुमच्या लायसन्सवर जून २०२१ चा एसपी३० आहे, तो पॉलिसीवर दिसत नाही.

त्या रात्री तो आमच्याकडे आला. खूप चिडलेला. म्हणाला, "अगं, मी राउंडअबाउटवर वीसच्या स्पीडने होतो, पॉइंटचा आणि या धडकेचा संबंध काय?" मला त्याचं म्हणणं मनापासून पटत होतं, पण कागद वाचल्यावर कळलं की प्रश्न धडकेचा नाहीच. प्रश्न हा की तो ६१२ चा भाव ज्या माहितीवर ठरला ती माहिती खरी होती का.

यासाठी इथे कायदा आहे, २०१२ चा, एप्रिल २०१३ पासून लागू झालेला, घरगुती ग्राहकांच्या इन्शुरन्सबद्दल. त्याच्या आधी नियम फार कठोर होता, ग्राहकाने आपणहून सगळं सांगायचं, कंपनीने विचारलं नसलं तरी. आता उलटं आहे, कंपनीने विचारावं आणि ग्राहकाने नीट काळजी घेऊन उत्तर द्यावं. आणि रिन्यूअलच्या वेळी आधी दिलेली माहिती तपासून कळवा असं सांगितलं असेल आणि आपण गप्प बसलो, तर ते गप्प बसणंसुद्धा चुकीची माहिती देणं धरता येतं. दादाला हेच माहीत नव्हतं. तो सारखा म्हणायचा, मी खोटं कुठे बोललो, मला कुणी विचारलंच नाही. विचारलं होतं. तिसऱ्या पानावर.

मग पुढचा प्रश्न, चूक कसली? मुद्दाम किंवा बेफिकीरपणे लपवलं असं ठरलं तर कंपनी पॉलिसी पहिल्या दिवसापासून रद्द धरू शकते, क्लेमचा एक पैसा देत नाही, भरलेला प्रीमियमही बहुतेक वेळा परत मिळत नाही, आणि त्यानंतर प्रत्येक फॉर्मवर प्रश्न येतो, तुमची पॉलिसी कधी कुठल्या कंपनीने रद्द केलीय का, आणि त्याचं हो हे उत्तर ३ पॉइंटपेक्षा कितीतरी महाग पडतं. पण निष्काळजीपणा ठरला आणि खरं कळलं असतं तरी कंपनीने पॉलिसी दिलीच असती, फक्त जास्त भावाने दिली असती, तर क्लेम त्या प्रमाणात कमी करून देतात. भरलेला प्रीमियम भागिले भरायला हवा असलेला प्रीमियम, जेवढे टक्के येतील तेवढे टक्के क्लेम.

दादाच्या कंपनीने निष्काळजीपणा धरला, हे त्यांनी न्यायाने केलं असं मी म्हणेन. पत्रात लिहिलं, एसपी३० सांगितला असता तर प्रीमियम ७६५ झाला असता, तुम्ही भरले ६१२, म्हणजे ८० टक्के, म्हणून ६,८०० चे ५,४४० देऊ, त्यातून ३५० एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची रक्कम, वजा.

मी ते पत्र दोन-तीनदा वाचलं आणि मला ७६५ हा आकडा खटकला. एका एसपी३० ला एकदम २५ टक्के? होऊ शकतं, कंपनी कंपनीवर आहे. पण हा आकडा कुठल्या तारखेचा? आम्ही लिहून विचारलं, ३ नोव्हेंबर २०२१ ला, तुमच्या तेव्हाच्या रेटने, फक्त ही एक गोष्ट बदलून किती प्रीमियम झाला असता त्याचा हिशोब द्या. तीन आठवडे लागले. उत्तर आलं, दिलगीर आहोत, ७६५ हा फेब्रुवारीतल्या रेटने काढला गेला होता, नोव्हेंबरच्या रेटने ७२०. म्हणजे ६१२ भागिले ७२०, ८५ टक्के. ५,७८० पौंड. एका ईमेलने ३४० पौंड परत आले. असं पत्र कुणालाही आलं तर हिशोब जरूर मागा, हक्काने मागा, आकडा कुठल्या तारखेच्या रेटचा आहे ते विचारा.

उरलेले १५ टक्के, म्हणजे १,०२० पौंड, गेले ते गेलेच. बघा ना, नोव्हेंबरमध्ये त्याने तिसरं पान वाचून फोन केला असता तर १०८ पौंड जास्त भरावे लागले असते. तेवढंच. समोरच्या बाईंच्या गाडीचे पैसे कंपनीने पूर्ण दिले, तिसऱ्या माणसाला कायद्याने द्यावेच लागतात, त्यात तिचा काय दोष. दादाकडून त्यातला फरक मागायचा हक्क पत्रात राखून ठेवला होता, तो मात्र मागितला नाही, त्या एका ओळीने वहिनीची किती दिवस झोप उडाली होती ते मी बघितलंय.

ओम्बड्समनकडे, म्हणजे कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जायचं का यावर आमचं बरंच बोलणं झालं. कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यावर किंवा तक्रारीला ८ आठवडे झाल्यावर तिकडे फुकट जाता येतं, शेवटच्या उत्तरापासून ६ महिन्यांच्या आत. तिथे बघतात ते मुख्यतः हे, की प्रश्न स्पष्ट विचारला होता का. प्रश्न गोलमोल असेल, कुठेतरी पुस्तिकेच्या मागे लपवलेला असेल, तर ग्राहकाच्या बाजूने निकाल लागू शकतो. आम्ही तिसरं पान परत परत वाचलं. प्रश्न स्पष्ट होता. ५ वर्षं लिहिलं होतं, कन्व्हिक्शन लिहिलं होतं, फिक्स्ड पेनल्टी धरून असंही लिहिलं होतं. दादानेच म्हटलं, नको, आपलंच चुकलं.

आता मूळ प्रश्नाकडे येते, पॉइंटमुळे इन्शुरन्स नेमका किती वाढतो. याचं सरळ उत्तर नाही, आणि जे लोक एक टक्का ठोकून सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. मार्च २०२२ मध्ये दादाने दुसरी गाडी घेतली तेव्हा मी एका ब्रोकरबरोबर फोनवर तास दीड तास बसले होते आणि तिला म्हटलं, सगळं खरं खरं लिही आणि मग मला सांग एसपी३० चा भाग प्रत्येक कंपनीकडे किती आहे. एका कंपनीकडे काहीच फरक नव्हता, एकच एसपी३० असेल तर ते सोडून देतात. दुसरीकडे ६० च्या आसपास. तिसरीकडे दीडशेच्या वर. आणि एकीने भाव द्यायलाच नकार दिला, कारण त्यांच्या नियमात पॉइंट आणि स्वतःच्या चुकीने झालेला क्लेम दोन्ही एकाच वर्षात असलेला माणूस बसत नव्हता. तोच माणूस, तीच गाडी, तोच पोस्टकोड.

असं का, तर प्रत्येक कंपनीकडे आपापल्या जुन्या ग्राहकांचा डेटा, की असे पॉइंट असलेल्या लोकांनी पुढे किती क्लेम केले. एखाद्या कंपनीला अशा लोकांचा फारसा त्रास झाला नसेल तर ती भाव वाढवत नाही. दादा व्यक्ती म्हणून कसा चालवतो हे कुणालाच माहीत नाही, तो ज्या गटात पडला त्या गटाचा भाव त्याला लागतो. शिवाय हे बेरजेने वाढत नाही, बहुतेक ठिकाणी गुणाकाराने वाढतं. समजा एखादी कंपनी एसपी३० ला १० टक्के लावते, तर ४०० च्या पॉलिसीवर ४० पौंड, पण नुकतंच लायसन्स मिळालेल्या पोराची पॉलिसी आधीच १,८०० ची असेल तर त्याला १८०. पोरांना तर आणखी एक धोका, लायसन्स मिळाल्यापासून पहिल्या २ वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द, परत थिअरीच्या परीक्षेपासून सुरुवात. म्हणजे दोन एसपी३० पुरे, किंवा तो पत्राला उत्तर न देण्याचा एक एमएस९० पुरे. माझ्या भाचीला मी हे वाक्य लिहून दिलंय.

आणि पहिला एसपी३० आणि दुसरा एसपी३० यात फार अंतर आहे. एक म्हणजे चुकलं असेल, दोन म्हणजे सवय, असं कंपन्या बघतात. ३ वर्षांत १२ पॉइंट झाले की साधारण ६ महिने तरी लायसन्स जातं, आणि बंदी आली की नेहमीच्या कंपन्यांपैकी बऱ्याच जणी दारच लावून घेतात.

नो क्लेम बोनसबद्दल मला बरेच जण विचारतात. पॉइंट लागल्याने बोनस कमी होत नाही. बोनस क्लेमवर चालतो. दादाचा बोनस कमी झाला तो धडकेच्या क्लेममुळे. पण बोनस पाच वर्षांचा असला तरी त्याने एसपी३० झाकला जात नाही, दोन्ही वेगवेगळे मोजले जातात.

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या अगदी नंतर लक्षात आली आणि मला वाटतं जोडप्यांनी ही नक्की बघावी. वहिनीची स्वतःची छोटी गाडी आहे, वेगळी पॉलिसी, वेगळी कंपनी, आणि त्यावर दादा नेम्ड ड्रायव्हर. फॉर्मवरचा प्रश्न फक्त पॉलिसीधारकाबद्दल नसतो, पॉलिसीवरच्या प्रत्येक ड्रायव्हरबद्दल असतो. म्हणजे दादाचा एसपी३० तिच्या पॉलिसीवरही सांगायला हवा होता आणि तिथेही राहिला होता. वहिनीने दुसऱ्याच दिवशी फोन केला. कंपनीने उरलेल्या महिन्यांचे १९ पौंड घेतले आणि नवीन कागद पाठवले, बस. दादाचं नाव काढूनच टाकायचं का असंही तिने विचारलं होतं, पण तो ती गाडी खरोखर चालवतो, रविवारी मुलीला पोहायला नेतो, मग नाव काढून गाडी चालवणं म्हणजे विनाइन्शुरन्स चालवणं, त्याला किमान ६ पॉइंट. तो रस्ता नकोच.

पॉलिसीच्या मध्येच पॉइंट लागले तर लगेच सांगायचं की रिन्यूअलला, हे कंपनीगणिक वेगळं आहे. काही पॉलिसींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की मध्ये कळवा, काहींमध्ये रिन्यूअललाच विचारतात. पॉलिसीच्या पुस्तिकेत बदल कळवण्याचा भाग असतो तो वाचायचा, नाहीतर सरळ फोन करून विचारायचं आणि ज्याच्याशी बोललो त्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवायची.

२०२३ मध्ये वहिनीला पत्र आलं. ३० मध्ये ३६. तिला कोर्स मिळाला, तिने ऑनलाइन केला, साधारण तीन तास, आणि ती सांगत होती की कोर्स चांगला होता, रस्त्यावर दिव्याचे खांब ओळीने असतील आणि वेगळा बोर्ड नसेल तर बहुतेक ठिकाणी ३० धरायचं हे तिला तिथे पहिल्यांदा नीट कळलं. दादाला हेच २०२१ मध्ये माहीत असतं तर, असं तिच्या तोंडून निघून गेलं आणि मग आम्ही सगळेच गप्प बसलो. कोर्स हे कन्व्हिक्शन नाही, त्यामुळे कन्व्हिक्शन आहे का या प्रश्नाला तिचं उत्तर नाही असंच. पण एखाद्या कंपनीने थेट विचारलं की स्पीड अवेअरनेस कोर्स केलाय का, तर खरं सांगायचं. प्रश्न जो आहे त्याचं उत्तर द्यायचं, त्यापेक्षा जास्त नाही आणि कमी नाही.

आता चार आणि पाच वर्षांचा घोळ, ज्यात दादा दुसऱ्यांदा अडकणार होता. एसपी३० लायसन्सवर गुन्ह्याच्या तारखेपासून ४ वर्षं राहतो. त्यातली पहिली ३ वर्षं १२ पॉइंटच्या हिशोबात मोजतात. म्हणजे १२ जून २०२५ ला दादाचं लायसन्स कोरं झालं. त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला, शून्य पॉइंट, खूप खूश होता, आणि मलाही खूप बरं वाटलं. पण त्याने पुढे लिहिलं, चला, आता इन्शुरन्सवाल्यांना सांगायची कटकट गेली. मी लगेच फोन केला. नाही गेली. इन्शुरन्सचे फॉर्म बहुतेक ५ वर्षांचं विचारतात, आणि अशा एन्डॉर्समेंटला, म्हणजे लायसन्सवरच्या गुन्ह्याच्या नोंदीला, कायद्याने जुना झालेला, म्हणजे न सांगितला तरी चालणारा, धरतात तोही ५ वर्षांनी. मधलं एक वर्ष असं असतं की डीव्हीएलएच्या रेकॉर्डवर काही नाही आणि फॉर्मवर मात्र सांगायचं आहे. लायसन्स नंबर टाकून कंपन्या डीव्हीएलएकडून आपोआप माहिती घेतात म्हणून लोकांना वाटतं की तिथे नाही म्हणजे नाहीच. फॉर्मवर सही तुमची असते, डीव्हीएलएची नाही.

मग आम्ही एका कागदावर तारखा लिहिल्या. गुन्हा १२ जून २०२१, दंड ऑगस्ट २०२१. त्यामुळे नोव्हेंबर २०२१, २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५ या पाच रिन्यूअलना ‘हो’ सांगायचं, आणि नोव्हेंबर २०२६ ला पहिल्यांदा ‘नाही’ सांगायचं. तो कागद वहिनीने पॉलिसीच्या फायलीत अगदी वर लावलाय. दरवर्षी एसपी३० जसा जुना होत गेला तसा त्याचा भार कमी होत गेला हेही त्या फायलीत दिसतं, पहिल्या दोन वर्षांत जास्त, नंतर फारच थोडा. जानेवारी २०२२ पासून नियम आलाय की जुन्या ग्राहकाला रिन्यूअलचा भाव त्याच कंपनीच्या नव्या ग्राहकापेक्षा जास्त लावता येत नाही, त्यामुळे एकाच कंपनीकडे राहण्याची शिक्षा गेली, पण पॉइंटला कोण किती वजन देतं हे कंपनीगणिक वेगळंच, म्हणून पॉइंट असताना दरवर्षी तीन-चार ठिकाणी भाव काढणं सोडू नका. ऑटो-रिन्यू दादाने बंद करून टाकलं, आता मुद्दाम बसून कागद बघावेच लागतात.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी त्यांच्याकडे होते. जेवणं झाली होती, टेबलावर पाकीट उघडलेलं, तिन्ही पानं बाहेर, आणि दादा स्पीकरवर एका नवीन कंपनीशी बोलत होता. पलीकडच्या मुलीने विचारलं, गेल्या ५ वर्षांत तुम्हाला किंवा दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरला मोटरिंग कन्व्हिक्शन किंवा फिक्स्ड पेनल्टी? दादाने वहिनीकडे बघितलं, फायलीवरच्या कागदाकडे बघितलं, आणि म्हणाला, हो, एक आहे, माझा, एसपी३०, बारा जून दोन हजार एकवीस, तीन पॉइंट, शंभर पौंड दंड, बंदी नाही. पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. मग ती म्हणाली, ठीक आहे, याने तुमच्या भावात काही फरक पडत नाहीये.